जावईबापू आणि सातवं वळण

घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं, आणि त्या गावाला एक भोळा जावई मिळाला होता. त्याचं नाव केरबा. केरबा आळशी नव्हता, उद्धट नव्हता, खोटंही बोलत नसे. सांगितलेलं काम तो तंतोतंत करी. आणि एकदा चूक दाखवली की ती तो जन्मात विसरत नसे. सगळा घोटाळा तिथंच होता.

त्या वर्षी अधिक महिना आला. अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना. या महिन्यात जावयाला बोलावून जेवू घालतात, कपडे करतात, अनारसे देतात. तो देवाच्या जागी असतो. त्याला वाकडं बोलायचं नसतं. म्हणून केरबा आणि त्याची बायको वैजयंता आठवडाभरासाठी तिच्या माहेरी आले.

केरबाचे सासरे हणमंत तोडकर. केरबा त्यांना मामा म्हणे. मामांनी सगळी हयात एसटीची लाल गाडी चालवली होती, तीही घाटात. समोरून चुकीचा येणाऱ्याला खिडकीतून काय काय म्हणावं, हे त्यांच्याकडून बाकीचे चालक शिकत. आता ते निवृत्त होते. पुण्याच्या मुलानं त्याचा जुना कम्प्युटर त्यांना आणून दिला होता. सोबत एक स्टेअरिंग आणि पायाशी ठेवायचे क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर. त्यात बस चालवायचा एक गेम होता. डेपोतून निघायचं, गावोगावचे प्रवासी घ्यायचे, शेवटी घाट चढायचा. मामा रोज दुपारी चहा घेऊन डेपोतून निघत.

पण घाट काही चढत नव्हता. सपाटीला गाडी सुरळीत चाले. घाट लागला, दरी दिसू लागली, झाडं दाटली, समोरून ट्रक येऊ लागले की कम्प्युटर घरघर करी. सातव्या वळणावर पडदा काळा होई. थोड्या वेळानं कम्प्युटर आपला आपण चालू होई आणि मामांची गाडी पुन्हा डेपोत उभी दिसे.

एरवी मामांनी सोडून दिलं असतं. पण रविवारी इलाहीभाई येणार होते.

इलाही मुलाणी हे मामांच्या गाडीचे वाहक. दोघांनी निम्मं आयुष्य एका गाडीत काढलं होतं. इलाहीभाईंच्या नोकरीतल्या शेवटच्या फेरीला गाडी घाटात बंद पडली होती, खऱ्या घाटात, तिथल्याही सातव्याच वळणावर. प्रवासी मागच्या गाडीनं वर गेले. इलाहीभाई बंद गाडीपाशी थांबले, आणि मग गाडी ओढून खाली आणली. घाटमाथ्यावर वाहकानं घंटी मारून गाडी थांबवायची असते. ती शेवटची घंटी त्यांची राहिली ती राहिलीच.

"मग जावं की एकदा दुसऱ्या गाडीनं," कुणी म्हणे.

"हणमंतानं चालवली तरच जाईन," इलाहीभाई म्हणत.

"आणि मी दुसऱ्या चालकाच्या मागं बसणार नाही," मामा म्हणत.

त्यामुळे तीन वर्षं दोघं पायथ्याशीच होते. आता मामांनी शब्द दिला होता. रविवारी ते इलाहीला कम्प्युटरवर का होईना, घाटमाथ्यावर नेणार होते.

"मामा, काळजी करू नका. मी बघतो," केरबा म्हणाला.

मामांनी वैजयंतेकडे पाहिलं. वैजयंतेनं आढ्याकडे पाहिलं. धोंड्याच्या महिन्यात जावयाला नाही कसं म्हणायचं?

तालुक्याला बोंगाळे म्हणून कम्प्युटरवाला होता. त्याच्या दुकानात दाखल्यांच्या अर्जांची गर्दी होती. यायला वेळ नव्हता, पण तो फोनवर सांगे.

"उन्हाळा आहे, गरम होत असेल," बोंगाळे म्हणाला. "गार जागी ठेवा."

केरबानं घरातली सगळ्यात गार जागा शोधली. ती माठाखाली होती. तिथं ओली वाळू होती, माठाला ओलं फडकं गुंडाळलेलं होतं. केरबानं माठ खाली उतरवला, कम्प्युटरच्या वायरी काढल्या आणि डबा ओल्या वाळूत नीट बसवला. मग त्यालाही गोणपाट गुंडाळलं. तांब्यानं वरून पाणी शिंपडणार, तेवढ्यात वैजयंता आली.

"अहो, काय करताय?"

"गार करतोय."

"विजेच्या वस्तूला पाणी दाखवतात होय? कम्प्युटरचं काहीही ओलं दिसलं तर आधी उन्हात टाकायचं. कोरडं ठणठणीत झालं की मगच हात लावायचा."

"चुकलंच. आता ध्यानात ठेवतो," केरबा म्हणाला.

आणि त्यानं ध्यानात ठेवलं.

डबा दिवसभर गच्चीवर कुरडयांच्या शेजारी वाळला. मामा उठून परसात गेले. तिथं पपईचं झाड होतं. जावयाला जे म्हणता येत नव्हतं, ते मामांनी पपईला ऐकवलं.

संध्याकाळी गाडी डेपोतून निघाली आणि सातव्या वळणावर पडदा काळा झाला.

"मग आतला लेप वाळला असेल," बोंगाळे म्हणाला. "आत एक चिप असते, ती तापते. तिच्यावर लेप असतो. ट्यूब पाठवतो दुपारच्या गाडीबरोबर. तो लावून घ्या."

दुसऱ्या दिवशी वाहकानं पुडी आणून दिली. केरबानं ट्यूब दाबून पाहिली. आतून राखाडी, लोण्यासारखं काहीतरी बाहेर आलं. चांगलं ओलं होतं. केरबा हसला. या वेळी तो फसणार नव्हता. त्यानं सगळी ट्यूब एका ताटलीत पिळली, चमच्यानं पसरली आणि ताटली उन्हात ठेवली. कावळा येऊ नये म्हणून काठी घेऊन शेजारी बसला.

वैजयंता कुरडया उलटायला वर आली.

"हे काय?"

"बोंगाळ्यांचा लेप. ओला पाठवला होता त्यांनी. मी वाळवला."

वैजयंतेनं नखानं टोकरून पाहिलं. त्याची खपली निघाली.

"लेप वाळवतात होय? लेप असतो तो ओला असतानाच लावायचा. पातळ करायचा आणि सगळीकडे सारखा फिरवायचा. कोपरासुद्धा सोडायचा नाही."

"चुकलंच. आता ध्यानात ठेवतो."

मामा परसात गेले. पपई बिचारी ऐकून घेत होती.

"लेप राहू द्या," बोंगाळे फोनवर म्हणाला. त्याचा आवाज जरा थकला होता. "आधी पंखा बघा. डब्याची बाजू उघडली की दिसेल. त्यात धूळ बसली असेल तर तो हवा कशी मारणार? त्याचं काहीतरी करा."

केरबानं बाजू उघडली. पंखा दिसला. मामींनी तुळशीवृंदावनाला लावायला गेरू भिजवून ठेवला होता. ओला होता, पातळ होता. केरबानं ब्रश घेतला आणि पंख्याच्या एकेका पात्याला गेरूचा हात दिला, दोन्ही बाजूंनी. कोपरासुद्धा सोडला नाही. पंखा वृंदावनासारखा प्रसन्न दिसू लागला.

"मामा, या. झालं काम."

मामा नुकतेच अंघोळ करून पांढरी बंडी घालून आले होते. ते उघड्या डब्याशेजारी बसले. केरबानं बटण दाबलं. पंखा फिरला.

भिंतीवर एक तांबडी रेघ उठली. ती पडद्यावरून, कॅलेंडरवरून आणि मामांच्या बंडीवरून सरळ गेली. मामांच्या एका गालावर ठिपके उठले, दुसरा गाल कोरा राहिला. मामी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अगंबाई, गेरू संपला वाटतं."

"पंख्याला लेप लावतात होय?" वैजयंतेनं पदरानं पडदा पुसत म्हटलं. "पांढरी भुकटी बसलेली दिसली, तर तोंडानं फुंकर मारायची. चांगली छाती भरून. एका दमात सगळी उडाली पाहिजे."

"चुकलंच. आता ध्यानात ठेवतो."

मामा तसेच तांबडे परसात गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

वैजयंतेनं पंखा कापसानं पुसून काढला. तिनं दिवसभर पुसला, स्वच्छ झाला. तरीही सातव्या वळणावर पडदा काळा झालाच. म्हणजे दोष पंख्यातही नव्हता.

शुक्रवारी मामी अनारशांच्या तयारीला लागल्या. इलाहीभाईंना अनारसे आवडत. तांदूळ तीन दिवस भिजवले होते, सावलीत सुकवले होते, कुटले होते, वस्त्रगाळ केले होते. पिठाची परात मामींच्या मांडीवर होती. त्यांना गूळ हवा होता.

"जावईबापू, एवढी परात धरता का जरा? मी आले."

केरबानं परात धरली. पाहतो तर परातीवर पांढरी भुकटी बसलेली. काठोकाठ. इतकी धूळ त्यानं कम्प्युटरमध्येही पाहिली नव्हती. त्याला मामींची दया आली. त्यानं छाती भरून घेतली.

मामी गूळ घेऊन दारात आल्या, तेव्हा एका दमात सगळं काम झालं होतं. मामी पायापासून कपाळापर्यंत पांढऱ्या झाल्या. फक्त डोळे तेवढे दिसत होते.

"परात लख्ख केली," केरबा म्हणाला.

वैजयंता या वेळी ओरडली नाही. ती उंबऱ्यावर बसली.

"अहो, तुम्हाला हात जोडते. आता नवीन काही करू नका. एवढंच करा. कुठलंही काम झालं की जी वस्तू जिथनं हलवली ती जागच्या जागी ठेवायची. आधी जसं होतं तसं. तेवढं केलंत तरी देव पावला."

"चुकलंच. आता ध्यानात ठेवतो."

मामा परसाच्या दारापर्यंत गेले आणि परत फिरले. पपईची वरची पानं पिवळी पडायला लागली होती.

शनिवारी मामांनी स्वतः फोन लावला.

"बोंगाळे, तोडकर बोलतोय. उद्या माझा माणूस यायचाय. आता शेवटचं सांगा."

"मामा, मला एक सांगा. कम्प्युटर कुठल्या बोर्डात लावलाय?"

"जमिनीवर लांबडा बोर्ड आहे, त्यात."

"त्याच बोर्डात आणखी काय आहे?"

मामांनी वाकून पाहिलं. "कुलर आहे. स्वयंपाकघरातून ओढलेली फ्रिजची वायर आहे. मिक्सर आहे."

बोंगाळे म्हणाला, "म्हणजे एका बैलगाडीत सगळं गाव बसलंय. घाट लागला की गेमला ताकद लागते, कम्प्युटर वीज जास्त ओढतो. त्याच वेळी फ्रिज चालू झाला की वीज कमी पडते आणि तो दचकून बसतो. कम्प्युटरला एकट्याला भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावा. दुसरं काही करू नका."

मामांनी खाटेमागचं सॉकेट शोधलं आणि कम्प्युटर एकट्याला तिथं लावला. मग गाडी काढली. केरबा शेजारी उभा राहून बघत होता. गाडी घाटाला लागली. पाचवं वळण गेलं. सहावं गेलं. स्वयंपाकघरात फ्रिज घुरघुरला. सातवं वळण आलं आणि मागं पडलं. आठव्यावर मामांनी गाडी कडेला घेतली आणि हँडब्रेक लावला.

"अहो, वर न्या की," मामी म्हणाल्या.

"इलाही सोबत असल्याशिवाय वर नाही," मामा म्हणाले. त्यांनी कम्प्युटर बंद केला. ते परसात गेले, पपईला तांब्याभर पाणी घातलं आणि तिच्या खोडावर हात फिरवून आले.

खोलीत केरबा एकटाच राहिला. काम झालं होतं. त्यानं बोर्डाकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. वैजयंतेचं बोलणं त्याला शब्दन् शब्द आठवत होतं. त्यानं भिंतीतली पिन काढली आणि कम्प्युटर परत लांबड्या बोर्डात लावला, कुलर, फ्रिज आणि मिक्सर यांच्या मध्ये. आधी जसा होता तसा. वरून फडकंही फिरवलं.

रविवारी इलाहीभाई आले. अंगात खाकी शर्ट, खांद्याला चामड्याची बॅग. बॅगेत जुन्या तिकिटांचा उरलेला गठ्ठा आणि तिकिटाला भोक पाडायचा चिमटा होता. आल्या आल्या त्यांनी परसाकडे नजर टाकली.

"हणमंता, पपईला काय झालं रे?"

"उन्हाळा आहे," मामा म्हणाले.

मामांच्या मागं खुर्च्या मांडल्या होत्या. इलाहीभाईंनी सगळ्यांना तिकिटं दिली. चिमटा टकटकला. केरबानं तिकीट दोन्ही हातांनी घेतलं.

"इलाहीभाई, गाडी वाटेत बंद पडली तर?"

"अहो, शुभ बोला," मामी पुटपुटल्या.

पण इलाहीभाईंना नियम विचारलेला आवडे. ते खुर्चीत सरळ झाले. "गाडी बंद पडली की आधी चाकामागं दगड. मग रस्त्यावर झाडाची फांदी टाकायची, म्हणजे येणाऱ्याला कळतं. प्रवाशांना त्याच तिकिटावर मागच्या गाडीत बसवायचं, वर पैसे घ्यायचे नाहीत. डेपोला कळवायचं. आणि मदतगाडी येईपर्यंत एक माणूस गाडी सोडून हलायचा नाही. जावईबापू, या नोकरीत यापेक्षा मोठा नियम नाही."

"ध्यानात ठेवतो," केरबा म्हणाला.

इलाहीभाईंनी तोंडानंच दोनदा टणटण केलं. गाडी निघाली. मामींनी पाहुण्यांना उकडतंय म्हणून कुलर लावला. गावं मागं पडली, पडद्यावरच्या गाडीत सात प्रवासी चढले. घाट लागला. इलाहीभाई प्रत्येक वळणाला थोडे कलत होते. सहावं वळण झालं तसे ते उठून उभे राहिले आणि त्यांनी हात वर धरला, घंटीची दोरी असते तिथं.

स्वयंपाकघरात फ्रिज घुरघुरला. पडदा काळा झाला.

कुलरचा तेवढा आवाज येत होता. इलाहीभाईंचा हात वरच राहिला होता. तो त्यांनी हळूच खाली घेतला.

"तेच वळण," ते म्हणाले. "जाऊ दे हणमंता. आपल्या नशिबात माथा नाही."

मामांनी स्टेअरिंगवरचे हात काढले नाहीत. त्यांची नजर वायरीवरून बोर्डापर्यंत गेली. त्यांना सगळं कळलं. त्यांनी जावयाकडे पाहायला मान वळवली.

जावई जागेवर नव्हता.

केरबा परसातून वरवंटा घेऊन आला आणि त्यानं तो कम्प्युटरच्या मागं नीट टेकवला. मग दारातल्या कडुनिंबाची फांदी मोडली आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला. घाटावर जाणारी दुपारची गाडी तेव्हाच येत होती. चालकानं करकचून ब्रेक लावला. वाहक खाली उतरला. त्याचं नाव पोपट शेडगे.

"काय झालं?"

"आमची गाडी घाटात बंद पडलीय," केरबा म्हणाला. "आत प्रवासी आहेत. तिकिटं काढलेली आहेत."

शेडगे काहीतरी बोलणार होता. तेवढ्यात त्याला दारात इलाहीभाई दिसले, खांद्याला बॅग लावलेले. शेडगे त्यांच्याच हाताखाली तिकीट फाडायला शिकला होता. त्यानं तोंड मिटलं आणि गाडीचं दार उघडलं.

"या, काका."

"मी दुसऱ्याच्या मागं बसत नसतो," मामा आतून म्हणाले.

इलाहीभाईंनी हातातल्या तिकिटाकडे पाहिलं. नियम त्यांनीच सांगितला होता, शब्द अजून तोंडातच होते.

"हणमंता, तुझी गाडी बंद पडलीय. आता तू चालक नाहीस, प्रवासी आहेस. चल, लोकांना खोळंबा नको."

"आणि तू? तू वाहक आहेस. एक माणूस गाडीपाशी थांबतो, हे तूच म्हणालास."

इलाहीभाई थबकले. ते खरंच होतं.

"मागच्या वेळी तुम्ही थांबला होता," केरबा म्हणाला. "आता माझी पाळी. तुम्ही जा."

इलाहीभाईंनी बॅग सावरली आणि ते पायरी चढले. मामा चढले. मामी आणि वैजयंता चढल्या.

मामा चालकाच्या बरोबर मागं बसले. प्रत्येक वळणाला त्यांचा उजवा पाय रिकाम्या फळीवर ब्रेक दाबत होता. सहाव्या वळणावर ते चालकाला म्हणाले, "दुसऱ्या गियरमध्ये घे." त्यानं आधीच घेतला होता. सातवं वळण आलं. दोघा म्हाताऱ्यांनी श्वास धरला. गाडी सहज पुढं निघून गेली, जसं तिथं कधी काही घडलंच नव्हतं.

माथा दिसायला लागल्यावर शेडगे दोरीपासून बाजूला झाला. इलाहीभाईंनी दोरी धरली. एकदाच ओढली. टण.

गाडी थांबली. कुणीही उतरायची घाई केली नाही.

माथ्यावर चौघांनी चहा घेतला. बराच वेळ दोघं मित्र खाली दरीकडे बघत बसले होते.

"पिन त्यानंच परत लावली होती," मामा अखेर म्हणाले.

"कुणी?"

"जावयानं. काल सगळं ठीक केलं होतं मी."

इलाहीभाईंनी बशीतला चहा संपवला. "त्याला सांगू नकोस," ते म्हणाले. "ध्यानात ठेवेल."

दिवस कलताना ते उतरत्या गाडीनं परत आले. घराशी पाहतात तर अंगणात कडुनिंबाची एक फांदी पडलेली, उंबऱ्यात दुसरी, खोलीच्या दारात तिसरी. आणि रस्त्यावर डेपोची मदतगाडी उभी. चार माणसं खाली उतरली होती. एकाच्या खांद्यावर जॅक होता, दोघांनी मिळून जाडजूड साखळी धरली होती. त्यांचा मुकादम घाम पुसत होता.

"सबंध घाट दोनदा वर-खाली केला आम्ही," तो म्हणाला. "फोन इथूनच आला होता. बंद पडलेली गाडी कुठाय?"

मामांनी डोळे मिटले आणि अंदाजानंच परसाची वाट धरली.

केरबा कम्प्युटरशेजारी ताठ बसला होता. दुपारपासून तो जागचा हलला नव्हता, पाणीसुद्धा प्यायला नव्हता. मदतगाडी आलेली पाहून त्याचा जीव भांड्यात पडला.

"आत आहे, खाटेशेजारी," तो म्हणाला. "बूट काढून या. आणि जॅक जरा जपून लावा, पडद्यातल्या गाडीत सात प्रवासी बसलेले आहेत. त्यांना अजून दुसरी गाडी मिळालेली नाही."